पाऊस बदलला, पेरणी, बियाणं आणि पट्टा यांचं काय करायचं?

(२०२५ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात धारणी-चिखलदऱ्याच्या वरच्या गावांचे आणि अकोट-तेल्हाऱ्याकडच्या खालच्या गावांचे लोक एकत्र बसले होते. तिथं आपल्या एका कार्यकर्त्या बाईनं केलेलं भाषण लिहून काढून इथं देत आहोत. ढाण्याढाण्यावर वाचून दाखवावं. पेरणीच्या आधी ग्रामसभेत त्यावर बोलावं.)



मिरीग तोंडावर आला आहे. तुम्ही इथं बसले असले तरी मन वावरात आहे, हे मला दिसते. म्हणून आज वावराचंच बोलू. दुसरं काही बोलायचं असेल तेही वावरातूनच निघते.

२०२५ मध्ये मे महिन्यातच पाणी पडलं. मान्सून २४ मेला केरळात आला, २६ मेला मुंबईत पोचला. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची आधीची नोंद नाही. हवामान खात्यानं २०२५ साठी सरासरीच्या १०६ टक्के पाऊस सांगितला होता. जमीन ओली झाली, ढेकळं फुटली, वखरणी उरकली. आता ज्याला भेटाव तो एकच विचारते, बाई, पेरायचं का?

माझं म्हणणं, थांबा. २०२५ मध्ये मेच्या शेवटी मान्सून जागच्या जागी थांबला होता. २००९ साल आठवा. त्या वर्षीही तो २३ मेलाच केरळात आला होता. आणि त्या वर्षी देशात पावसाळ्याचा पाऊस सरासरीपेक्षा २२ टक्के कमी पडला. पाहुणा लवकर आला म्हणजे तो मुक्काम करणारच, असं नसते. आज सोयाबीनची थैली फोडली आणि पंधरा दिवस उघाड पडली, तर दुबार पेरणीचे पैसे कोण देणार? कृषी केंद्रवाला देणार नाही. तो पुन्हा उधारी लिहीन.

पाऊस कमी झाला का?

म्हातारी माणसं म्हणतात, पाऊस गेला. माझ्या मते पाऊस गेला नाही, त्याची चाल बदलली. आधी झडी लागायची. चार-चार दिवस भुरभुर पाणी, घरातून निघणं नको वाटायचं. ते पाणी जमिनीत मुरायचं. आता तेच पाणी एका रात्रीत पडते आणि मग वीस दिवस तोंड दाखवत नाही. वर्षाची बेरीज केली तर सरासरी भरलेली दिसते. कागदावर दुष्काळ नसतो, वावरात असतो.

हे आपल्याच मनाचं नाही. पुण्याच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ पर्यंतच्या नोंदी तपासल्या. मोठ्या इलाक्यावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना मध्य भारतात या काळात तिप्पट झाल्या, असं त्यांना दिसलं. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे तेवढंच पाणी, पण कमी दिवसांत.

असं काऊन होते? कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळलं की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू निघते. कारखाने उभे राहण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. हा वायू उन्हाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, घोंगडी पांघरल्यासारखं होते. त्यानं पृथ्वीची हवा एका अंशापेक्षा जास्त तापली आहे. एक अंश म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण हवा एक अंश तापली की ती सात टक्के जास्त वाफ धरते. समुद्र तापला, वाफ वाढली. ती वाफ हवा धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते.

हा धूर कोणाचा? आपल्या चुलीचा नाही. मेळघाटातल्या कितीतरी घरांत अजून एक पंखा नीट फिरत नाही. धूर आहे मोठ्या देशांचा, मोठ्या शहरांचा, गाड्यांचा, कोळशावरच्या वीज केंद्रांचा. आपल्या अकोला जिल्ह्यात पारसला कोळसा जळते, वीज दूरदूर जाते. तापलेली हवा मात्र सगळ्यांच्या वाट्याला येते, आणि ज्याचं वावर पावसावर आहे त्याला आधी लागते.

आपल्या वावरात काय झालं

२०२३ चा ऑगस्ट घ्या. १९०१ पासून नोंदी आहेत, त्यात देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो होता. सोयाबीन नेमकं फुलावर, शेंगेवर होतं. पुढं विदर्भात पिवळा मोझॅक आला आणि उभी वावरं पिवळी पडली. दुसऱ्या सालच्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला, तेव्हा उन्हापायी जिल्ह्यात जमावबंदी लावावी लागली. चोरी नाही, दंगा नाही, ऊन म्हणून जमावबंदी! त्या उन्हात मजुरी करणारा माणूस कुठं जाईल, हे त्या हुकमानं सांगितलं नाही.

वरच्या गावांत नुकसान दोन जागी होते. एक, उतारावरचं वावर. एका रात्रीच्या पाण्यानं वरची चांगली माती निघून जाते. सिपना गढूळ वाहते तेव्हा ती आपलं वावर तापीला नेत असते. खत टाकून ती माती परत येत नाही. दुसरी जागा म्हणजे मोह. मार्च-एप्रिलात ढग आले, अवकाळी पडला, तर फूल गळते, काळं पडते. मोह गेला की उन्हाळ्याची मीठ-मिरची गेली. शेतीचा विमा निदान कागदावर आहे, मोहाचा तोही नाही.

खालच्या गावांचं दुखणं वेगळं आहे. बोरी, कोहा, कुंड आणि त्यानंतर आणखी गावं व्याघ्र प्रकल्पातून उठली, खाली अकोट-तेल्हाऱ्याकडं आली. खाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. विहीर खोदली तर पाणी खारं, पिकाला देता येत नाही. पाऊस आला तर चिखल, गेला तर भेगा. वर होतो तेव्हा पीक बुडालं तरी जंगलात कंद, भाजी, मोह, चारोळी होती. खाली पीक बुडालं की थेट दुकान, नाहीतर ठेकेदाराची गाडी. हवामान बदललं तेव्हा जंगल हाच गरिबाचा खरा विमा होता, हे जंगलातून उठलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको.

सोयाबीन सोडा असं मी म्हणत नाही

सोयाबीननं रोख पैसा दिला, हे खरं आहे. पण सगळं वावर सोयाबीन, एकाच दिवशी पेरलेलं, एकाच थैलीतलं, म्हणजे सगळे पैसे एका पत्त्यावर लावल्यासारखं आहे. ऑगस्टात खंड पडला तर सगळं गेलं, सोंगणीच्या वेळी पाणी आलं तर गंजीसकट गेलं. आणि पडून राह्यलेलं सोयाबीन घरात शिजवून खाता येत नाही. ज्या मेळघाटाचं नाव १९९३ पासून लेकरांच्या मृत्यूसाठी पेपरात येते, तिथं वावरभर पीक आणि डबे रिकामे, हे कसं चालणार?

आपले म्हातारे एका वावरात काय काय पेरायचे? ज्वारी, त्यात तूर, मूग, उडीद, बरबटी. हलक्या जागी कोदो, कुटकी, सावा. मूग पहिल्या पाण्यावर निघायचा, तूर शेवटी. पाणी कधीही दगा देवो, काही ना काही घरात यायचं. तुरीचं मूळ खोल जाते, ती वीस दिवसांचा खंड सोसते. कुटकी ८०-९० दिवसांत हाती येते, तिला उधारीचं खत लागत नाही.

पण कोदो-कुटकीचं नुसतं गाणं गाऊ नका. ती काऊन सुटली, हे बाया सांगतील. कांडून कांडून हात फुटायचे. रेशनचं तांदूळ-गहू आलं, कांडण सुटलं, बायांनी सुटकेचा श्वास घेतला. आता पुन्हा पेरा म्हणायचं आणि मुसळ पुन्हा बाईच्याच हातात द्यायचं, हे मला मान्य नाही. आधी गावात कांडायचं यंत्र, मग पेरा वाढवायचा. ही मागणी आदिवासी विकास प्रकल्पाकडं आणि कृषी विभागाकडं लेखी करायची.

दुसरी गोष्ट. काढणीच्या वेळी पाणी लागलेला, बुरशी धरलेला कोदो मातते. तो खाल्ला तर चक्कर येते, उलट्या होतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशात बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती मेले ते असाच बुरशीचा कोदो खाऊन. आता परतीचा पाऊस लांबते, त्यामुळं हा धोका वाढला आहे. म्हणून कोदो कापला की ढिगारा लावून ठेवू नका, उन्हात खडखडीत वाळवा, वास आला तर लेकरांना देऊ नका.

या मिरगात करायच्या गोष्टी

मोठ्या योजनेची वाट न पाहता जे होते ते आधी सांगते.

एक. पाऊस मोजा. सरळ भिंतीचा डबा घ्या, झाडाखाली नाही, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी फूटपट्टीनं पाणी मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. मान्सूनचा पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्यावरच सोयाबीन पेरा. मे महिन्याचं पाणी यात धरू नका. शाळेत जाणारी पोरं हे काम करू शकतात. ही वही पुढं नुकसानीच्या वेळीही कामात येते.

दोन. बियाणं तपासा. सोयाबीन सरळ वाणाचं असते, दरवर्षी नवी थैली घ्यायची गरज नाही. घरचं चाळून ठेवलेलं बियाणं चालते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून गुंडाळा. पाच-सहा दिवसांत सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. साठ उगवले तर थोडं जास्त टाका. त्याहून कमी असेल तर पेरू नका, विकून टाका. दाणा तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका.

तीन. तूर घाला. सोयाबीनची सहा तासं आणि तुरीची दोन, नाहीतर चार आणि दोन. धुऱ्यावर ज्वारी, बरबटी. एकरभर तरी घरच्या खाण्याचं असू द्या. मूग-उडदाची वेळ जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपते. पाणी उशिरा आलं तर त्यांच्या मागं लागू नका, तूर-ज्वारीकडं वळा.

चार. उताराला आडवं पेरा. ट्रॅक्टर आणि रुंद वरंब्याचं यंत्र ज्याला मिळते त्यानं ते वापरावं. आपल्याला बैल आहेत. डवरणीच्या वेळी डवऱ्याच्या जानकुळाला दोरी गुंडाळली की तासांमधून सरी पडते. पाणी कमी असलं तर सरीत मुरते, जास्त झालं तर सरीनं निघून जाते. याला पैसा लागत नाही, एक दोरी लागते.

पाच. बियाणं एकमेकांना द्या. कुणाकडं जुनी ज्वारी आहे, कुणाकडं कुटकी, कुणाकडं बरबटी. आडा-पटेलांच्या घरी एक कोठी करा. जो एक पायली नेईल तो दिवाळीनंतर दीड पायली परत आणील. हलकं पीक जंगलाच्या कडेला असलं की रानडुकरं येतात, म्हणून पाच-सहा घरांनी एका पट्ट्यात पेरा आणि राखण वाटून घ्या.

विम्याबद्दल

दोन वर्षं एक रुपयात विमा होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. आता विमा रकमेच्या दोन टक्के, आणि कपाशीसारख्या नगदी पिकाला पाच टक्क्यांपर्यंत भरावं लागेल. शिवाय २०२५ च्या नियमानं भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरते. मंडळाचं उत्पन्न कमी आलं तरच पैसा. तुमच्या एका घाटात ढगफुटी झाली, बाकी मंडळ चांगलं राह्यलं, तर तुम्हाला काही नाही. डोंगरात एका नाल्याच्या अल्याड धो-धो आणि पल्याड कोरडं असते. तिथं अख्ख्या मंडळाचा हिशोब कसा लागू पडणार? विमा काढायचा की नाही ते प्रत्येकानं पाहावं, पण हे समजून काढावं. आणि कापणी प्रयोग गावात होते तेव्हा तिथं हजर राहा, आकडा तुमच्यासमोर लिहू द्या.

मुळाशी जमीन आहे

आता जे मी सांगितलं त्यातलं अर्धं एका कागदावर अडते. बांध घाला म्हटलं तर माणूस विचारते, जमीन माझी राहणार का? आंबा लावला तर पाच वर्षांनी फळ, तोवर मला उठवलं तर? ज्याच्या डोक्यावर अतिक्रमणाचा शिक्का आहे, तो एका सालाचंच पीक घेणार. म्हणून हवामानाशी जुळवून घ्यायचं असेल तर पहिलं काम पट्ट्याचं आहे.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी जमीन कसता, ती चार हेक्टरपर्यंत तुमच्या नावावर व्हायला पाहिजे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं, हे कलम ४(४) मध्ये लिहिलं आहे. दाव्याची पडताळणी पूरी होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, हे कलम ४(५). दावा फेटाळला तर कारणासह लेखी कळवावं लागते, आणि कळल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडं दाद मागता येते. तोंडी "तुमचं नामंजूर झालं" म्हटलं तर ते ऐकून घरी येऊ नका, कागद मागा. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं फेटाळलेल्या दावेदारांना हटवायचा हुकूम दिला होता. देशभर आवाज उठला आणि २८ फेब्रुवारीला त्याच कोर्टानं तो थांबवला. मात्र टांगती तलवार गेली नाही, म्हणून आपले दावे पक्के पाहिजेत.

ज्यांच्या हाती पट्टा आहे त्यांनी तो पेटीत ठेवू नका. रोजगार हमीतून वनपट्ट्याच्या जमिनीवर बांधबंदिस्ती, शेततळं, फळबाग करता येते. ज्या आदिवासी कुटुंबाकडं वनपट्ट्याशिवाय दुसरी जमीन नाही त्याला २०२५ मध्ये १०० ऐवजी १५० दिवस काम मिळू शकत होतं. नमुना ४ भरा, तारखेची पोच घ्या, १५ दिवसांत काम नाही तर बेरोजगार भत्ता मागा. आपल्याच वावराला बांध घालायचा आणि मजुरीही घ्यायची, हे होळीनंतर लेकरं घेऊन परमुलखात जाण्यापेक्षा बरं.

आणि सामूहिक हक्क. परतवाड्याजवळचं पायविहीर आठवा. २०१२ मध्ये त्या गावाला १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड माळ होता. लोकांनी राखण केली, रोजगार हमीतून झाडं लावली, माती-पाण्याची कामं केली, सिताफळ एकत्र विकलं. २०१४ मध्ये त्या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जंगल उभं राह्यलं की पाणी मुरते, खालच्या वावराची माती थांबते, पीक बुडालं तर हाताशी काही असते. हवामानाचा खरा उपाय हा आहे, आणि तो ग्रामसभेनं केला.

हे सांगते कारण आता हवामानाच्याच नावानं दुसरा खेळ सुरू आहे. कुठं खाणीला, धरणाला जंगल कापायचं आणि भरपाई म्हणून झाडं लावायची ती आपल्या कसत्या जमिनीवर, आपल्या चराईवर. त्यासाठी २०१६ चा कॅम्पा कायदा आहे, पैसा आहे. झाडाला आमचा विरोध नाही, आम्ही झाडाखालीच वाढलो. पण ज्यानं धूर केला नाही त्याच्याच वावरात खड्डे खोदून धुराचा हिशोब पुरा करायचा, हे चालणार नाही.

धारणी-चिखलदऱ्याच्या गावांना पेसा लागू आहे, अकोला जिल्ह्यातल्या गावांना नाही. वनहक्क कायदा मात्र दोन्हीकडं सारखा आहे. म्हणून खालच्या साथींनी "आमचं काही चालत नाही" म्हणून मागं बसू नये.

ग्रामसभेनं घ्यायचे ठराव

१) गावाचा पाऊस गावानं मोजायचा, वही ग्रामसभेकडं राहील.
२) घरटी निदान एक एकर घरच्या खाण्याच्या मिश्र पिकाचं. गावात बियाण्याची कोठी.
३) कांडण यंत्राची लेखी मागणी. मागणीवर बायांच्या सह्या आधी.
४) सगळ्या पट्टेधारकांचा नमुना ४ एकाच दिवशी भरायचा.
५) अडकलेल्या आणि फेटाळलेल्या दाव्यांची यादी वनहक्क समितीनं महिनाभरात वाचून दाखवायची.
६) सामूहिक हद्दीत आणि कसत्या जमिनीवर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय कोणतंही रोपवन नाही.

पाऊस आपल्या हातात नाही. तिफण केव्हा धरायची, त्यात काय टाकायचं आणि वावर कोणाच्या नावावर राहील, हे आपल्या हातात आहे. आज रात्री घरी गेले की आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवा. आणि पट्ट्याचा कागद कुठं आहे, तो पाहून ठेवा.

जोहार! जंगल-जमीन आपली आहे, राखणारेही आपणच.